जलपरीचा उजवा हात

बागेच्या तळ्यात मी गुडघाभर पाण्यात उभी होते आणि माझ्या बादलीत एक तुटका हात होता.

"हा तिचा का?" काठावरून कुणीतरी विचारलं.

मी वर पाहिलं. खांद्याला पिशवी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांत पांढरी भुकटी. वय तिशीच्या आतलंच असावं, पण त्या भुकटीने अर्धा म्हातारा दिसत होता.

"नाही, माझाच आहे," मी म्हटलं. "मला तीन होते."

त्याने वाकून माझे दोन्ही हात नीट बघून घेतले, खात्री करायची असल्यासारखे. मग हसला. हसला तेव्हा मात्र म्हातारा दिसला नाही.

आमच्या तळ्यात दगडावर एक जलपरी बसलेली आहे. खरी जलपरी दूर देशी, समुद्राच्या काठी. तिला बघायला जगभरातून माणसं जातात. आमची तिची नक्कल, सिमेंटची. तरी सुट्टीच्या दिवशी तिच्यासमोर फोटोसाठी रांग लागते. वाऱ्यात फांदी पडली आणि तिचा दगडावर टेकलेला हात मनगटापासून गेला. गाळातून मी काढला तेव्हा त्याची बोटं चुरा झालेली. दुरुस्तीसाठी मूर्तींच्या कारखान्यातून हा माणूस आला. साचे बनवायचा, म्हणून बागेत सगळे त्याला साचेवाले म्हणू लागले.

मी बागेत माळीकाम करायची. दर शनिवारी जलपरीवरचं शेवाळ ब्रशने घासायचं काम माझंच. त्यामुळे साचेवाल्यांचं आणि माझं तळं एकच झालं. ते तिच्या शेपटीच्या भेगा बुजवायचे, मी कडेचं गवत काढायची. भुरभुर पाऊस आला की ते छत्री उघडायचे आणि जलपरीवर धरायचे.

"आणि आम्ही भिजायचं?" मी एकदा विचारलं.

"तिचं सिमेंट ओलं आहे. तुमचं कधीच पक्कं झालंय."

"असं होय..."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत दोन छत्र्या होत्या.

दोन आठवडे असेच गेले. मी चहा जरा जास्त आणू लागले, आणि घरी आत्याच्या ते लगेच लक्षात आलं. "थर्मास मोठा झालाय की तहान?" ती म्हणाली. आत्यानेच मला वाढवलंय, तिच्याशी खोटं बोलून उपयोग नसतो.

भेगा बुजल्या, शेपूट झाली. हात तेवढा राहिला. जुना साचा मोडून गेला होता, नुसत्या फोटोवरून बोटं जमेनात. जिवंत हातावरूनच नवा साचा घ्यावा लागणार होता.

"हिचा बघा," बागेचे मुकादमकाका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मापाला बरोबर बसेल. पण साचेवाले, हात मागताय तो मूर्तीसाठीच ना?"

साचेवाले पाण्याकडे बघत राहिले. कान तेवढे लाल झाले.

गुरुवारी मी दगडावर बसले. त्यांनी माझ्या हाताला तेल चोळलं, मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या एकेक करून बसवल्या. बोलायला वेळच वेळ होता.

"हे झालं की मी जाईन बहुतेक," ते म्हणाले. "ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या उस्तादांना बंदराच्या शहरात मोठं काम मिळालंय. चार वर्षांचं. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. नाही म्हटलं तर त्यांचं इथलं दुरुस्तीचं दुकान बघायचं."

"मग काय ठरवलंत?"

"इथे थांबायला तसं काही कारण... म्हणजे, अजून तरी..."

वाक्य तिथेच राहिलं. पट्ट्या हळूहळू गरम होत गेल्या.

"तापतंय," मी म्हटलं.

"घट्ट होताना तापतंच," ते म्हणाले, पण बघत होते माझ्या तोंडाकडे.

शुक्रवारी सकाळी ते आले ते खाली मान घालून. पिशवीतून ओतून काढलेला हात बाहेर काढला आणि जलपरीच्या मनगटाशी धरला. अंगठा भलतीकडेच.

"डावा घेतला," ते म्हणाले. "अकरा वर्षं साचे करतोय. उस्तादांना कळलं तर मला माती मळायला बसवतील."

मुकादमकाका पोट धरधरून हसले आणि ही बातमी बागभर सांगायला निघून गेले. मी मुकाट्याने दगडावर बसले आणि उजवा हात पुढे केला. पुन्हा तेल, पुन्हा पट्ट्या. आज अंगठा कुठल्या बाजूला ते त्यांनी दोनदा तपासलं.

शेवटची पट्टी बसली. आता मला उठून पळताही येणार नव्हतं. बरंच झालं, नाहीतर मी पळालेच असते.

"तुमची चूक नव्हती ती," मी म्हटलं. "मी मुद्दाम डावा दिला."

"मुद्दाम?"

"दर शनिवारी घासते मी तिला. तिचा कुठला हात कुठे, ते मला झोपेतही सांगता येईल. हात झाला की तुम्ही जाणार होतात... म्हटलं, एक दिवस तरी मिळेल."

पाण्यावर बारीक थेंब पडू लागले. छत्र्या दोन होत्या, पण उघडायचं कुणाला सुचलं नाही.

"कालच का नाही सांगितलंत?"

"काल तुम्ही तरी वाक्य पुरं केलंत का?"

ते खाली बघून हसले. मग एकदम घाईत आल्यासारखे म्हणाले, "माझा फोन काढता का? शर्टाच्या खिशात आहे. माझे हात भरलेत."

मोकळ्या डाव्या हाताने मी त्यांच्या खिशातून फोन काढला. खिशाच्या आत धडधड चालली होती, ती बोटांना कळली. त्यांनी सांगितलं ते नाव मी दाबलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. एवढ्या जवळून त्यांच्या पापण्यांवरचीही भुकटी दिसत होती.

"उस्ताद, मी येत नाही. हो, विचार करूनच सांगतोय. दुकान बघतो इथलं."

पलीकडून मोठमोठ्याने काहीतरी आलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"कारण? कारण आहे ना," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "इथेच बसलंय. पण हात वाळेपर्यंत हलवायचा नाही असं मीच सांगितलंय, नाहीतर बोलायला दिलं असतं."