मेणावरचा आवाज

“थांबा! कुणीही हलू नका!”

काचेच्या खोलीचं दार ढकलून तो तरुण धावतच सेटवर आला आणि थेट लेनोर व्हेलच्या मनगटाकडे बघत उभा राहिला. हॉलिवूडमध्ये तिच्याकडे बघत राहणारे पुष्कळ होते... पण मनगटाकडे?

“सापडला एकदाचा! सकाळपासून टिकटिक ऐकतोय. पंखे बंद केले, घड्याळ बाहेर ठेवलं, बिचाऱ्या सुताराला बूट काढायला लावले — आणि चोर इथे, रेशमी बाहीत!”

“चोर काय म्हणता? जपमाळ आहे ती. आईनं दिलेली.”

“माइकला काय कळतंय? त्याला वाटतं, गारा पडताहेत.”

“मी ती काढत नसते.”

“आंघोळीलाही नाही?”

“माझ्या आंघोळीशी तुम्हाला काय करायचंय हो?”

सगळा सेट हसला. त्याचे कान तांबडेलाल झाले. ऑल्डन प्रुइट त्याचं नाव. बोलपट आले तसा रेडिओतून इकडे आलेला, आवाज टिपणारा. मूकपटांच्या दिवसांत चित्रण चालू असताना दिग्दर्शक खुशाल ओरडायचा, कोपऱ्यात व्हायोलिन वाजायचं. आता मात्र शिंकायचं तरी या पोराची परवानगी लागे.

त्यानं खिशातून स्वच्छ रुमाल काढला. “मग माझ्याजवळ द्या. माझ्या खोलीतून आवाज बाहेर येत नाही. काचेतून तुम्हाला दिसेल अशी धरून बसतो.”

ती माळ तिनं आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. क्षणभर ती घुटमळली... मग मनगटावरची माळ सोडवली. प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांनी त्यानं ती रुमालात घेतली, आणि लेनोरच्या काळजात काहीतरी हललं.

मग तो रिवाजच झाला. सकाळी माळ द्यायची, संध्याकाळी घ्यायची. देताना एखादा टोमणा, घेताना एखादं हसू. घेताना बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळत — दोघांचीही.

पण एके दिवशी स्टुडिओचे मालक लॉक्रिजसाहेब सिगार चावत आले.

“लेनोर, चेहरा तुझा देवानं घडवलेला. आवाज मात्र... मी तुला रशियन सरदारकन्या म्हणून विकतोय आणि तू बोललीस की खाणीतला कोळसा आठवतो! पडद्याआडून दुसरी मुलगी बोलेल. तू नुसते ओठ हलव.”

कोळसा तर खराच होता. लेनोर व्हेल हे नाव स्टुडिओनं दिलेलं. ती झुझाना ह्रोनेक, पेनसिल्व्हेनियातल्या स्लोव्हाक खाणकामगाराची मुलगी. शर्टांच्या कारखान्यात काजं करता करता इंग्रजी शिकलेली, सौंदर्यस्पर्धा जिंकून या गावात आलेली. पडद्यावर इतकी वर्षं ती मुकी राहिली, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता.

“साहेब, एक चाचणी घ्या. नाही आवडली तर मुकाट्यानं ओठ हलवीन.”

“उद्या दुपारी,” साहेब म्हणाले. “एकच संधी.”

त्या संध्याकाळी स्टुडिओतल्या निलगिरीच्या झाडाखालच्या बाकावर ती स्टुडिओनं नेमलेल्या उच्चारांच्या शिक्षिकेनं घोटून घेतलेलं घोळदार बोलणं पुन्हा पुन्हा म्हणत होती. माळ द्यायला आलेला ऑल्डन ऐकत उभा राहिला.

“कोण बोलतंय हे?”

“सरदाराची मुलगी.”

“तिला घरी पाठवा. मला आंघोळीवरून झापणारी कुठे गेली?”

“ती... ती खाणीवरची पोर आहे, ऑल्डन.”

“तिच्यासाठीच मी रोज लवकर कामावर येतो,” तो म्हणाला आणि घाईघाईनं चालू लागला. पुढे जाऊन परत आला — माळ द्यायचीच राहिली होती!

दुसऱ्या दिवशी दिवे तापले. माइक टेबलावरच्या गुलाबांच्या फुलदाणीत लपवलेला. बोलणारा प्रत्येक जण त्या फुलदाणीपुढे वाकायचा. ऑल्डन कानाशी आला. “फुलांकडे बघू नका. माझ्याकडे बघा.”

मग काचेपलीकडे जाऊन त्यानं माळ उंच धरली. तिनं मनातल्या मनात देवमातेचं नाव घेतलं.

“नाव सांगा,” दिग्दर्शक म्हणाला.

तिची हनुवटी वर झाली.

“झुझाना ह्रोनेक. माझे बाबा कोळसा खणायचे.”

लॉक्रिजसाहेबांची खुर्ची करकरली. ती थांबली नाही. प्रवेश होता नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायकोचा. खाणीचा भोंगा अवेळी वाजला की आई शाल गुंडाळून खाणीच्या तोंडाशी उभी राहायची, तशी ती उभी राहिली, आईसारखीच बोलली.

“आत्ता ऐकवा,” साहेब गुरगुरले.

आवाज मेणाच्या दोन तबकड्यांवर कोरला जाई. एक जपून ठेवायची, दुसरी लगेच लावता येई — पण एकदाच. सुई फिरली की मऊ मेण खरवडून जायचं. ऑल्डननं सुई टेकवली. कर्ण्यातून खरखरीत, उबदार आवाज आला... टोपी घालायला निघालेला सुताराचा हात वरच राहिला. झुझानानं आयुष्यात प्रथमच स्वतःला ऐकलं, आणि तिला लाज नाही वाटली. अभिमान वाटला.

साहेबांचा सिगार विझला होता. “पडद्यामागच्या मुलीला दुसरं काम द्या,” ते म्हणाले. “पण त्या सरदारकन्येचं काय करायचं?”

“ती काल घरी गेली, साहेब. पेपरवाल्यांना आता खाणीचंच सांगा.”

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग हसलेच. “सांगतो!”

सगळे पांगल्यावर ती म्हणाली, “एखादी तबकडी उरलीय का? यंत्र चालू करा, कानाला काही लावू नका... आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहा.”

त्यानं तसंच केलं. काचेच्या खोलीत तो पाठमोरा, हातात तिची माळ. ती फुलांशी वाकून दोन वाक्यं बोलली. मग आत आली. त्यानं सुई टेकवली.

“ऑल्डन, ही माळ द्यायला तुम्ही रोज संध्याकाळी येता. आपली घरं वेगळी नसावीत... असं काहीतरी करा ना.”

त्यानं अधीरतेनं सुई पुन्हा मागे नेली. नुसती खरखर!

“गेलं... एकदाच ऐकता येतं हे.”

“मग?”

“मग तुला रोज म्हणावं लागेल.”

“रोज?”

“व्रत घेतल्यासारखं.”

तिनं हात पुढे केला. आज रुमाल नव्हता. त्यानं स्वतःच माळ तिच्या मनगटाला गुंडाळली. तिनं त्याच्या बोटांत बोटं गुंफली, मणी टिकटिकले.

“वाजू दे आता,” तो म्हणाला.