पदराची गाठ

चातुर्मास सरत आला तरी द्वारकाबाईंना एकदाही भूक लागली नव्हती. सकाळी शेजारीण म्हणाली, "चार महिने एकभुक्त, पण चेहरा किती टवटवीत!" तेव्हा कुठे त्यांच्या ते लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक भाचीच्या प्रयोगशाळेत जाऊन थडकल्या.

भाची ऋजुता 'तृप्तिका' बनवणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ. तृप्तिका म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कुपी. ती मनगटाच्या कातडीखाली बसे, रक्तावर नजर ठेवी आणि कसलीही उणीव मनाला टोचू लागली की औषधाचा थेंब सोडून ती मिटवून टाकी. सरकारनं ती सगळ्यांना फुकट बसवली होती. लोक खूश होते. खूश नसायची सोयच कुठे ठेवली होती मेल्यांनी!

"मामी, उपासाचा त्रास झाला नाही हे चांगलंच की," ऋजुता म्हणाली.

"डोंबलाचं चांगलं! तुझे मामा गेले त्या वर्षी उपाशीपोटी देवापुढे बसून ढसाढसा रडले होते मी. तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी ऐकतंय. आता हात जोडते, तर हाक मारावीशीच वाटत नाही. तुमच्या त्या दाण्यानं देवाची ओढसुद्धा गिळली गं!"

ऋजुताचा चेहरा उतरला. "त्याला भूक आणि ओढ यांतला फरक कळत नाही, मामी. रक्तात दोन्ही सारख्याच दिसतात."

"मग माझा राग कसा शिल्लक राहिला?"

"मोठा राग मिटायला दोन दिवस लागतात."

"त्याआधी काढ हे. आत्ताच्या आत्ता!"

"नियम आहे. रागाच्या भरात कुणीही काहीही मागतं, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. तेव्हाही हवं असेल तर काढायचं."

"आजवर किती जणांची काढलीत?"

"एकाचीही नाही."

"हलकटपणा आहे हा, शुद्ध हलकटपणा!" द्वारकाबाई ओरडल्या आणि आठवण राहावी म्हणून तिथेच पदराला करकचून गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी ऋजुताचा फोन आला. तिला लागलेली टोचणी एव्हाना तिच्याही मनगटानं मिटवली होती. "मामी, तृप्तिका काढायची का?" तिनं मजेत विचारलं.

द्वारकाबाईंनी पदराची गाठ चाचपली. ती कशासाठी मारली ते त्यांना लख्ख आठवत होतं. त्यात एवढं चिडण्यासारखं काय होतं, तेवढंच कळेना.

"नको गं, राहू दे," त्या म्हणाल्या आणि नखानं गाठ सोडवत बसल्या.