समोर बसलेली माणसं

मे महिन्यात निपाणीत दुपारी पंख्याची हवासुद्धा गरम येते. अशाच एका रविवारी मी आणि माझा नवरा रविराज नाटक बघायला बेळगावला गेलो. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, अर्धांगाचा झटका आल्यापासून आम्ही दोघं मिळून कुठंच गेलो नव्हतो. पुण्याची मंडळी येणार, दुपारचा प्रयोग आहे, हे आप्पांनीच पेपरात वाचलं आणि जायचा आग्रहही त्यांनीच धरला.

"मी काय ल्हान प्वार हाय व्हय? जावा की," ते म्हणाले.

त्यांचा डावा हात अजून नीट चालत नव्हता. मी आमटीभात झाकून ठेवला, फोन त्यांच्या हाताशी दिला आणि शेजारच्या जयाबाईंना अधूनमधून डोकावायला सांगितलं. आप्पा बाहेरच्या खोलीत, वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले. उन्हाळ्यातही त्यांच्या पायांत करडे मोजे होते. पाय गार पडतात, म्हणायचे.

बस संकेश्वरला बराच वेळ थांबली. काकती मागं पडली तशी खिडकीतून जरा बरी हवा येऊ लागली. बेळगावात स्टँडजवळ जेवलो आणि रिक्षानं नाट्यगृह गाठलं. आत छान गार होतं. जुन्या पडद्यांना येतो तसा डांबरगोळ्यांचा वास होता. बायकांच्या डोक्यांत मोगरा होता. रविराज कितीतरी दिवसांनी पाय पसरून निवांत बसला.

पडदा उघडला. बैठ्या घराची बाहेरची खोली. पोपटी भिंत, कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर घडी केलेली चादर, मध्ये वेताची खुर्ची.

"आपल्याच घरात आल्यासारखं वाटालंय," रविराज कुजबुजला. मला हसू आलं. अशी खोली आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात आहे.

खुर्चीत एक म्हातारा बसला होता. त्याच्या तोंडापुढं पेपर होता.

नाटक होतं वडील वारल्यावर घर विकायला निघालेल्या भावंडांचं. म्हाताऱ्याशी कुणी बोलत नव्हतं, त्याच्याकडं बघतही नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, गोष्टीचा अर्थ लागल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथं तो लगेच लागला. मेलेला माणूस घरच्यांच्या आठवणीत बसलेला दाखवलाय. कल्पना मला आवडलीसुद्धा.

मग त्याच्या पायांतले मोजे दिसले. करडे. मग पेपर. पेपराची डावी बाजू सारखी खाली घसरत होती आणि दर वेळी उजवा हात पलीकडं जाऊन ती वर करत होता.

रविराजचा हात माझ्या हातावर आला. तो माझ्याकडं बघत नव्हता.

मध्यंतरात मी बाहेर येऊन घरी फोन लावला. आप्पांनी लगेच उचलला.

"जेवलात का, आप्पा?"

"मग बोलू गं," ते अगदी हळू म्हणाले. "समोर माणसं बसल्यात."

"कोण आलंय?"

"वळखीची न्हाईत. अंधारात बसल्यात. लई हाईत. गप बघाल्यात."

त्यांनी फोन ठेवला. या आजारात कधी कधी भ्रम होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. रविराजनं जयाबाईंना फोन करून आमच्या घरी जाऊन बघायला सांगितलं. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. आप्पा जेवलेत, एकटेच पेपर वाचत बसलेत, घरात दुसरं कुणी नाही. आम्हाला हायसं वाटलं. परत आत जाऊन बसलो.

दुसऱ्या अंकात म्हाताऱ्याच्या हातात पेपर नव्हता.

खुर्चीवर उजेड नव्हता, चेहरा नीट दिसत नव्हता. पण तो आमच्या रांगेकडं बघत होता. बघता बघता त्यानं उजव्या हाताचा अंगठा ओठांशी नेला. पाणी.

रंगमंचावर भावंडं भांडत होती. पाणी कुणी दिलं नाही. त्यानं परत अंगठा ओठांशी नेला.

रविराज उठला. मीही उठले.

दारावरच्या माणसाला मी विचारलं, म्हाताऱ्याचं काम कोण करतंय?

"म्हातारा कुठला? ती खुर्ची रिकामीच असतीय, ताई. सगळं नाटक त्यावरच हाय."

आम्ही गाडी ठरवली. वाटेत आप्पा फोन उचलेनात. जयाबाईंचाही लागेना. तवंदीचा घाट येईपर्यंत मी फोन लावतच राहिले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आप्पा खुर्चीत होते. जागे होते. पाण्याचा तांब्या डाव्या हाताला, त्यांना घेता येणार नाही असा राहिला होता. मी फुलपात्र भरून दिलं. ते घटाघटा प्यायले. तोंड पुसलं.

"मधनंच का उठलासा गं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

रविराजनं माझ्याकडं बघितलं.

"तुमच्या दोन जागा अजून मोकळ्याच हाईत," आप्पा म्हणाले.

त्यांच्या समोर भिंत होती. नुसती पोपटी भिंत.

त्याला वर्ष झालं. आप्पांचा हात आता बराच सुधारलाय. त्या दिवसाबद्दल आम्ही घरात कधी बोलत नाही. परवा संध्याकाळी मी त्यांना चहा देत होते, तेवढ्यात भिंतीकडून कुणीतरी खोकलं. दबकं, तोंडावर रुमाल धरून, शेजारच्याला ऐकण्यात अडथळा नको म्हणून खोकावं तसं.