वर्ग मोकळा सोडायचा नाही

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं या दोघांचं चाकांवर होतं. बाई लहान मुलांना गणित शिकवायच्या, सर मोठ्या वर्गांना भूगोल. उभा जन्म नकाशावर बोट फिरवून सरांनी मुलांना नद्या दाखवल्या, पण स्वतः शाळेच्या सहलीपलीकडे कधी गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून एक जुनी कॅराव्हॅन घेतली. आत समोरासमोर दोन बाकं, रात्री जोडली की त्यांचाच पलंग. एक शेगडी, एवढंसं बेसिन, आणि उभं राहून हात लांबवला की सगळा संसार हाताशी. लेक म्हणाली, "आई, जन्मभर वर्गात कोंडून घेतलंत, आता डब्यात कोंडून घ्या." सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी गाडीचं नावच ‘बिऱ्हाड’ ठेवलं.

सुरुवातीला सर चालवायचे आणि बाई शेजारी बसून रस्ता सांगायच्या. मग सरांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वळणं, मग माणसं. एकदा रस्त्याकडेला थांबून बिस्किटं खाताना त्यांनी पुडा बाईंपुढे धरला आणि फार अदबीने विचारलं, "तुम्हाला कुठे उतरायचंय, ताई?"

त्या दिवसापासून बाई गाडी चालवू लागल्या. डॉक्टर म्हणाले होते, घरी ठेवा, नव्या जागी गोंधळतील. पण घरी सर दिवसभर येरझारा घालत, आणि चाकं फिरू लागली की त्यांचे हात मांडीवर शांत पडत. म्हणून बाई रोज सकाळी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवायच्या.

सर त्रास असा द्यायचे नाहीत. अदबीने वागायचे, ‘तुम्ही’ म्हणायचे, पाणी दिलं तरी आभार मानायचे. बाईंना तेच लागायचं. कधी चिडले असते तरी चाललं असतं; माणूस चिडतो ते आपल्या माणसावर. लग्न झाल्यापासून त्यांनी बाईंना ‘घाईबाई’ म्हणून हाक मारली होती, कारण बाईंचं सगळंच घाईचं. ती हाक गेली. एकदा, फक्त एकदा ती परत ऐकू येऊ दे, एवढंच बाईंचं मागणं होतं.

एका तळ्याकाठच्या शाळेपाशी दोघं जेवणवेळ टळल्यावर पोचली. शाळा बंद पडलेली. पुढचं मैदान मात्र येत्याजात्या गाड्यांना मुक्कामाला खुलं ठेवलेलं. एकमजली लांब इमारत, तिला लांब व्हरांडा, व्हरांड्यात ओळीने वर्ग. तळ्याचं पाणी इस्त्री केल्यासारखं सपाट. ऊन पिवळं आणि जड होतं. त्यात नुसतं उभं राहिलं तरी डोळे मिटावेत असं.

मैदानात आणखी एकच कॅराव्हॅन होती, विटक्या निळ्या रंगाची. पुढ्यात घडीच्या खुर्चीवर एक वयस्कर बाई विणत बसल्या होत्या. शाळामास्तर शाळामास्तराला पाठमोराही ओळखतो. सरांना व्हरांड्याच्या पायरीवर सावलीत बसवून बाई तिकडे गेल्या आणि दोन वाक्यांत ओळख निघाली. त्या हेडबाई होत्या, निवृत्त. निवृत्तीनंतर गुडघे तेवढे कामावर रुजू झालेत, म्हणाल्या. एकट्याच का, असं बाईंनी विचारलं, तर धाकटी बहीण बरोबर आहे म्हणाल्या, चित्रकला शिकवायची.

"दिसत नाहीत कुठे?"

"वर्गावर आहे," हेडबाई म्हणाल्या. "कुणी सोडवायला आलं की येईल."

बाई हसल्या. निवृत्त शिक्षकांचे विनोद असेच असतात. पण हेडबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की धाकटीचं डोकं दोन वर्षांपूर्वी कोरं झालं. सख्ख्या बहिणीपुढे करंगळी धरून उभी राहायची आणि विचारायची, ‘जाऊ का बाई?’ बाईंनी सरांचं सांगितलं. एकाच दुखण्याच्या घरची दोन माणसं भेटल्यावर बोलतात तशा दोघी बोलत राहिल्या. औषधांचं, झोपेचं, दाराला आतून लावायच्या कड्यांचं.

बोलता बोलता हेडबाईंच्या सुया थांबल्या. त्यांची नजर बाईंच्या खांद्यावरून मागे गेली, तिथेच थोडी रेंगाळली, आणि परत विणकामावर आली. त्या आधीपेक्षा भरभर विणू लागल्या.

बाईंनी वळून पाहिलं तर पायरी रिकामी होती.

बाई पाऊल उचलतात तोच व्हरांड्यातल्या शेवटच्या दारातून एक किडकिडीत बाई बाहेर आली. बोटं खडूने पांढरी झालेली. दुपारचा सिनेमा पाहून बाहेर आलेल्या माणसासारखी ती डोळ्यांवर हात धरून उन्हात उभी राहिली. मग सरळ चालत खुर्चीपाशी आली.

"किती गं उशीर केलास, ताई," ती म्हणाली. "पाय मोडले माझे उभं राहून."

हेडबाईंच्या मांडीवरून विणकाम घसरलं. त्यांनी बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्या रडू लागल्या. धाकटी म्हणत होती, रडायला काय झालं, आधी चहा टाक. पण हेडबाईंनी चहा टाकला नाही. बहिणीला गाडीत बसवलं, खुर्ची तशीच मैदानात सोडली आणि गाडी सुरू केली. निघताना काच खाली करून बाईंना एवढंच म्हणाल्या, "तुमचे हे आत जाताना मला दिसले होते. मी हाक मारली नाही. तिला सोडवायला मीच जाणार होते, पुन्हा पुन्हा ठरवायचे. धीर झाला नाही. मला माफ करा."

निळी गाडी तळ्याच्या वळणाआड गेली. धूळ हवेत बराच वेळ तशीच राहिली. तिला खाली बसायची आठवणच नव्हती जणू.

बाई शेवटच्या वर्गाच्या दाराशी गेल्या. आत बाकांच्या ओळी, रिकाम्या. खिडकीतून येणारं ऊन, ओल्या फळ्याचा वास. सर फळ्यावर निळ्या खडूने नदी काढत होते, उगमापासून मुखापर्यंत, हात न उचलता. पाठ ताठ होती. आवाज तोच, जो पूर्वी शेजारच्या वर्गात ऐकू आला की बाईंच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प बसायची.

ते वळले. "अगं घाईबाई, दारात काय उभी? ये की."

बाईंनी चौकट धरली. पण त्याही शिक्षिकाच. खात्री केल्याशिवाय गुण द्यायच्या नाहीत. त्यांनी विचारलं, लेकीच्या कपाळावरची खूण कशाची?

"टेबलाच्या कोपऱ्याची. तू वह्या तपासत होतीस, मी पाणी तापवत होतो, आणि ही बया चालायला शिकत होती. नंतर तू माझ्याशी अबोला धरलास. चूक दोघांची, अबोला मात्र मला."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. चला, म्हणाल्या, चला बाहेर. सर खडू ठेवून आले. उंबऱ्यात त्यांचं पाऊल पडलं आणि चेहऱ्यावरचा दिवा कुणी हळूच खाली केल्यासारखा मंद झाला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, ओळख लागेना, तरी ते सभ्यपणे हसले.

त्याच वेळी मागून आवाज उठला. बाकांची करकर, दबलेलं हसू, कुणाची तरी पाटी पडल्याचा खणखणाट. शिक्षक बाहेर पडल्यावर वर्गातून येतो तो आवाज. बाईंनी तो जन्मभर ऐकला होता. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. बाकं रिकामीच होती.

सर जागच्या जागी वळले आणि आत गेले. आवाज थांबला. चेहऱ्यावरचा दिवा पुन्हा मोठा झाला.

"असा कसा येऊ?" ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "वर्ग मोकळा सोडायचा नाही, तुला माहीत नाही का? कुणी सोडवायला आलं की येतो."

बाईंनी पहिल्या बाकावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, कुणी नुकतंच उठल्यासारखं. की उठलेलंच नसल्यासारखं.

त्या बिऱ्हाडात परतल्या आणि त्यांनी चहा ठेवला. गाडीच्या खिडकीतून त्यांना व्हरांड्याचे खांब दिसत होते. त्या आल्या तेव्हा पहिल्या खांबाची सावली ज्या फरशीवर होती, त्याच फरशीवर होती. तळ्यावर एक पक्षी पंख पसरून होता, तो पलीकडे पोचला नव्हता. रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि कुणी येणार आहे असंही वाटत नव्हतं.

वर्गातून सरांचा आवाज येत होता. घोगरा झाला होता. बाईंना त्यांचे पाय आठवले, संध्याकाळी सुजणारे, रोज त्या तेल लावून चोळायच्या ते.

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. एरवी देवाशी त्यांचं पुष्कळ बोलणं असायचं, आज शब्द सुचेना. मागण्यासारखं एकच होतं, आणि ते समोर दार उघडं ठेवून उभं होतं. धाकटी बाहेर आली होती. उन्हात उभी राहून तिने ‘ताई’ म्हटलं होतं. हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणी तरी सोडवलं की माणूस अख्खा बाहेर येतो. आणि ते अख्खे बाहेर आले, की मला सोडवायला येतीलच ना? नाही आले तर... बाईंनी पुढचा विचार केला नाही. गॅस बंद केला, कप झाकला आणि त्या निघाल्या.

"तुम्ही जा," वर्गात जाऊन त्या म्हणाल्या. "चहा केलाय, गार होईल. मी बसते इथे."

"अर्धा कप घेतो आणि आलोच."

"विसरू नका," म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

सर खळखळून हसले. "मी? आणि विसरेन?"

त्यांनी खडू बाईंच्या हातावर ठेवला. बाई फळ्यापुढच्या उंच पायरीवर चढल्या. सरांनी उंबरा ओलांडला. दोन पावलं गेले, तीन, आणि भर उन्हात मागे वळले.

"घाईबाई, माझा चष्मा कुठे गं?"

"उशीखाली," बाई कशाबशा म्हणाल्या.

देवा, देवा. आले हो माझे.

मग त्या वर्गाकडे वळल्या.

दारातून दिसत नव्हतं ते फळ्यापासून दिसत होतं. सगळी बाकं भरलेली होती. मुलं हाताची घडी घालून बसली होती. नव्या बाईंकडे पाहावं तशी, जराशी हसरी, जराशी अंदाज घेणारी. कुणाच्याच चेहऱ्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

खिडकीतून मैदान दिसत होतं. सर बिऱ्हाडाच्या पायरीवर बसून चहा पीत होते. चष्मा लावला होता. मान आत वळवून ते काही तरी बोलले, थांबले, ऐकलं, आणि हसले.

पुन्हा बोलले. पुन्हा थांबले.

इतक्या वर्षांच्या संसारात बाईंना त्यांचं थांबणं पाठ होतं. एकटं बोलणारा माणूस असा थांबत नाही. समोरून उत्तर येत असलं तरच थांबतो.

"अगं, तूच चालव," सरांचा आवाज उन्हातून स्वच्छ आला. "माझी सवय मोडलीय. आणि घाई करू नकोस, घाईबाई."

गाडीच्या आतून एका हाताने पडदा सारला. सर उठले, पलीकडून फिरून शेजारच्या जागेवर बसले.

गाडी सुरू झाली.

बाई पायरीवरून उतरल्या. मागे बाक करकरलं. आणखी एक पाऊल टाकलं, तशी कुजबूज सुरू झाली, ओळीओळीने पुढे येणारी. बाईंचा पाय थांबला. त्यांनी थांबवला नव्हता. जन्मभराच्या सवयीने थांबला.

त्या पायरीवर परत आल्या. वर्ग शांत झाला.

खिडकीशेजारच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. ती बाहेर बघत होती. बघता बघता तिने हात वर केला आणि हलवला, समोरच्याने हलवल्यावर आपण हलवतो तसा.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही गाडीतून टाटा करताय."