दोनाचे एक

यातला एक शब्दही खोटा नाही. मी थापाड्या आहे हे मान्य. पण ही थाप असती, तर मी हल्ली दिवा चालू ठेवून झोपलो नसतो.

रविवार होता. दुपारचे चार. मागच्या खोलीत, खिडकीशी खुर्चीत माझा थोरला भाऊ. समोर जुना कॅमेरा घेऊन त्याची मुलगी, आमची धाकटी.

तीन महिने दादा खोकत होता. इतका, की शेजारी रेडिओ मोठा लावत. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरात त्याचा एक धड फोटो नव्हता, म्हणून धाकटी घाईनं फोटो काढायला शिकत होती.

कॅमेरा विकणाऱ्या काकांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रोल आत असताना मागचं झाकण उघडायचं नाही. उजेड लागला की आतलं सगळं जळतं. आणि दुसरी...

"डोळा लावलास की माणूस दोनदा दिसेल. एक ठळक, एक पुसट. रिंग फिरव. दोनाचे एक झाले, की मगच बटण."

"आणि नाही झाले तर?"

"होतात गं. माणूस एकच असतो ना."

धाकटीनं डोळा लावला. रिंग फिरवली.

खिडकी एक झाली.

खुर्ची एक झाली.

बाबा मात्र... दोनच.

"बाबा, हलू नका."

"मी आता कुठे हलतोय, बाई? थेट उचलूनच न्यायचंय मला."

तिनं रिंग टोकापर्यंत नेली.

ठळक बाबा खोकत होते.

पुसट बाबा... उठून उभे राहिले.

ती दचकली. बोट बटणावरच होतं.

खट्.

खोकला मध्येच तुटला.

तिनं कॅमेरा खाली घेतला. खुर्ची रिकामी. बाबा दाराशी उभे, काठीवाचून, ताठ.

"चहा टाकतेस?" ते म्हणाले.

डॉक्टर थक्क झाले. शेजाऱ्यांनी रेडिओ बारीक केला. मीही पेढे वाटायच्या बेतात होतो.

मग धाकटीनं मला कपाटापाशी नेलं. आत चामडी कव्हरमध्ये कॅमेरा. रोल तसाच आत.

कान लावला...

खोकला.

बारीक. दादाचाच.

रोल धुवायला द्यायची तिची छाती होत नाही. आणि दादा रोज, अगदी मायेनं, एकच म्हणतो.

"तो कॅमेरा उघड ना जरा. उन्हात."

काल धाकटी सांगत होती, आतला खोकला कमी झालाय.

हे लक्षण बरं की वाईट... मला कळत नाही.