भर दिवसा उडालेली वटवाघळं

"दादा, ही आत्ता का बाहेर पडतायत?" टिटवीने हातातला झाडू खाली टाकला.

गुहेच्या तोंडातून वटवाघळं निघत होती. एखाददुसरं नाही, थवेच्या थवे. सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात ती वेड्यासारखी भिरभिरत समोरच्या झाडांवर आदळत होती.

"जागा बदलत असतील," दादा म्हणाला. "तुला काय, सगळ्याचीच भीती."

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. जरा कुठे खुट्ट झालं की ही ओरडून सगळ्यांना सावध करणार, म्हणून दादानेच ते तिला चिकटवलं होतं. टिटवी बारा वर्षांची, दादा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. दोघं सुट्टीत मावशीच्या मदतीला या डोंगराखालच्या गावात आले होते. मावशी वटवाघळांचा अभ्यास करायची. गावाने आणि तिने मिळून ठरवलं होतं, की पाहुणे आणायचे पण मोजकेच. त्यांनी गावकऱ्यांच्या घरी राहायचं आणि संध्याकाळी गुहेबाहेर गुपचूप बसून वटवाघळं बघायची. म्हणजे गावालाही काम मिळेल आणि डोंगरालाही त्रास होणार नाही. त्यासाठी भावंडं आठवडाभर पायवाट झाडत होती, पाट्या रंगवत होती. मावशीचा दहा वर्षांचा गुंडूही त्यांच्या मागेमागे असायचा.

आज पहिले पाहुणे यायचे होते. मावशी त्यांना आणायला बसथांब्यावर गेली होती.

"अरे, उभे काय राहिलात?" गावाच्या समितीचे चिटणीसकाका धापा टाकत आले. "आतल्या दालनात दोर बांधायचाय. गुंडू केव्हाच पुढे गेला."

"आत कशाला, काका? मावशी तर म्हणाली होती, बाहेरच बसायचं."

काका मिश्कील हसले. "बाहेर बसून माणसं जांभया देतील. काल मावशी शहरात गेली ना, तेवढ्यात मी आत दिवे लावून घेतले. झगमगाट बघून तीही खूश होईल. जा, पळा."

दादा गेला. टिटवीला जावंसं वाटत नव्हतं, पण एकटीने बाहेर थांबण्यापेक्षा दादाच्या मागे जाणं बरं, म्हणून तीही आत शिरली.

आत दिव्यांची माळ लागली होती. एरवी छताला वटवाघळांची दाटी असायची. आज ते छत जवळपास रिकामं होतं. तेवढ्यात काहीतरी मऊसं तिच्या खांद्यावर पडलं आणि घरंगळून पायाशी आलं. तिने खाली पाहिलं. वटवाघूळ होतं, पंख मिटलेलं. हलत नव्हतं.

पुढच्या दिव्याखाली आणखी दोन पडली होती.

"दादा, परत फिरूया."

दादा भिंतीला टेकला होता आणि कपाळ चोळत होता. "डोकं ठणकतंय गं. जरा बसतो."

टिटवीचंही डोकं दुखत होतं. मघापासून. भीतीने दुखत असेल असं तिला वाटलं होतं. पण दादा कुठे घाबरला होता? तिने श्वास रोखून कान दिला. खडकाच्या आतून कुठूनतरी घरघर ऐकू येत होती. सारखी, एकसुरी, बाबांच्या गॅरेजात इंजिन चालू असतं तशी.

आणि बाबांचा नियम तिला आठवला. थंडी असो की वादळ, शटर उघडल्याशिवाय बाबा इंजिन चालू करत नसत. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, ते सांगायचे. माणसाला झोप लागते आणि जाग येत नाही.



"दादा, ऊठ. दिव्यांसाठी जनरेटर लावलाय, त्याचा धूर आत येतोय. बाबांचं शटर आठव. ऊठ आणि बाहेर जा."

दादा धडपडत उठला. "आणि गुंडू?"

"गुंडू!" तिने हाक मारली. हाक आत जाऊन तशीच परत आली.

मागे वळावं, धूम ठोकावी, असं तिला इतकं वाटलं की एक पाऊल मागे पडलंसुद्धा. पण गुंडू चार पावलांवर असेल, नुसत्या पुढच्या वळणापलीकडे. ती पळत वळण ओलांडून गेली.

गुंडू मांडीवर दोर घेऊन बसला होता. मान एका बाजूला कललेली, गाल लालबुंद. तिने गदागदा हलवलं तर तो नुसता पुटपुटला, "झोपू दे ना."

तिने त्याच्या काखेत हात घातले आणि ओढायला सुरुवात केली. केवढा जड! दिवे डोळ्यांपुढे गरगरत होते. वळणाशी तिचे गुडघे वाकले, तेवढ्यात गुंडूचे पाय कुणीतरी उचलले. दादा परत आला होता. दोघांनी त्याला फरफटत उन्हात आणलं आणि गवतावर टाकलं. गुंडू भडाभडा ओकला. मग त्याने डोळे उघडले.

चिटणीसकाका धावत आले. "काय झालं? उपाशीपोटी आला असणार."

"काका, जनरेटर कुठे ठेवलाय?"

"मागच्या कपारीत दडवलाय. पाहुण्यांच्या कानाला त्रास नको म्हणून."

"ती कपार आत उघडते. त्याच्या धुराने वटवाघळं मेली. जनरेटर बंद करा, काका."

"बंद? पाहुणे पायवाटेला लागले आणि अंधार करू? उगाच राईचा पर्वत करू नकोस. मुलाला ऊन लागलंय, सावलीत न्या."

पाहुणे खरोखरच वर येत होते. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. एका आजोबांना हात देत मावशी पार मागे राहिली होती. काका हसतमुखाने पुढे झाले. "या, या. आत मस्त गारवा आहे."

न दिसणाऱ्या वायूवर कोण विश्वास ठेवणार? टिटवी गुहेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "साप! आत साप आहे, भला मोठा!"

पाहुणे जागच्या जागी थिजले. बाळाची आई दहा पावलं मागे गेली. आणि सगळ्यांत मागे, थेट पाटीच्या आडोशाला, चिटणीसकाका जाऊन उभे राहिले.

मावशी गर्दीतून वाट काढत आली. "कुठला साप?"

"साप नाही, मावशी. मी खोटं बोलले." टिटवीला हुंदका आवरेना. "कपारीत जनरेटर चालू आहे. गुंडू आत बेशुद्ध पडत होता."

मावशीने गुंडूकडे पाहिलं. गुहेच्या तोंडाशी मरून पडलेल्या वटवाघळाकडे पाहिलं. मग काकांकडे. काका तसेच डोंगराच्या मागच्या बाजूला पळत सुटले. थोड्या वेळाने घरघर थांबली.

पाहुण्यांच्याच बसने तिघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिघांच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावला. "आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते," त्या मावशीला म्हणाल्या. मावशीने टिटवीला घट्ट पोटाशी धरलं आणि त्याच दमात रागावलीही, "पुन्हा अशा ठिकाणी आत पळायचं नाही. आधी मोठ्यांना बोलवायचं."

"मोठ्यांनीच आत पाठवलं होतं," मुखवट्याआडून गुंडू म्हणाला.

संध्याकाळी चिटणीसकाका दवाखान्यात आले. दिव्यांची माळ त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवली होती आणि मेलेली वटवाघळं पुरली होती. पाहुण्यांसमोर त्यांनी सगळं कबूल केलं होतं. तरी एकही पाहुणा परत गेला नव्हता. पाहुणे गुहेपासून लांब बसले होते आणि आतला धूर निघून जायची वाट बघत होते.

काका टिटवीच्या खाटेशी स्टूल ओढून बसले.

"पोरी, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून वाटतेय. हे बघा." तिने हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

काकांनी तो हात दोन्ही हातांत धरला. "मला नाही वाटली," ते म्हणाले. "तिथेच चुकलं माझं."

त्यांचेही हात कापत होते.