पुंजाजीच्या घरावरून जाणारा रस्ता

मोजणीच्या दुर्बिणीतून लांबचा खुणेचा बांबू पाहणाऱ्या माणसाला पायाखालच्या कुरड्या दिसत नाहीत. धर्मपालला त्या ऐकू आल्या. कर्रर्र!

"ओ साहेब! वाळवण हाय ते, सडक नोय!"

त्यानं दचकून पाय उचलला... आणि पुढच्या रांगेत ठेवला. कपाळावर चिकाचा ठिपका असलेली ती मुलगी रागवायचं विसरून हसली. तिचं नाव शालू.

१९६३ साल. अकोल्याच्या कडेला नवी वसाहत बसवायची होती. घरं, बाग, शाळा, आणि तिथवर नेणारा एक सरळ रस्ता. नकाशातलं शहर नेहमीच देखणं असतं. तिथं अजून कोणी राहायला आलेलं नसतं. मोजणीला अमरावतीहून धर्मपाल आला होता. शालूच्या बापाचं, पुंजाजीचं, एवढंसं अंगण मोजायला त्याला इतके दिवस का लागावेत, हे कचेरीत कोणी विचारलं नाही. सरकारी काम तेवढा वेळ घेतंच.

"रोज तेच मोजता तुमी. काल मोजलेली जागा रातची वाढते का?"

"उन्हानं साखळी लांबते," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हणून परत मोजावं लागतं."

"आन् कान लाल काहून झाले? तेबी उन्हानं?"

मग रस्ता आखायला फक्की टाकायचा दिवस आला. चुन्याची पांढरी रेघ बाभळीपासून निघाली, कुंपण ओलांडून अंगणात शिरली आणि थेट शालूच्या चुलीच्या दिशेनं गेली.

पुंजाजीनं भिंतीवर हात ठेवला. "हे घर म्या आन् इच्या मायनं बांधलं, साहेब. माती डोक्यावर आनून."

शालू आत गेली. धर्मपाल दारात घुटमळला.

"शालू..."

"माहं घर पाडनाऱ्याशी लगन लावू का मी?"

लग्नाचा शब्द त्यांच्यात पहिल्यांदाच निघाला होता. निघाला, आणि त्याच वाक्यात मोडला.

घरामागे नुसतं खडकाळ पडीत होतं. रस्ता तिकडे थोडा सरकवला असता तर कोणाचं काही जाणार नव्हतं. पण धर्मपाल चहा कुठं पितो, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. त्यानं तो सरकवला तर लोक म्हणणार, पोरीपायी सडक वाकवली. आणि पुढचा साहेब ती परत सरळ करणार. न सरकवला, तर घर गेलं... आणि शालूही.

हरकतींच्या सुनावणीला लोक दाटीनं बसले होते. सुनावणी घेणाऱ्या चिंतामणराव साहेबांनी चष्मा वर केला. "धर्मपाल, पुंजाजींच्या घराबद्दल तुमचा अभिप्राय?"

धर्मपाल उभा राहिला.

"साहेब... हे काम माझ्याकडून काढून घ्या."

"कारण?"

"मला पुंजाजींच्या मुलीशी लग्न करायचंय. या जागेपुरता माझा अभिप्राय धरू नका."

पुंजाजीनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं खिडकीकडे. खिडकीबाहेर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

साहेबांनी खोकून घेतलं. "मुलीचं काय म्हणणं?"

शालूचा आवाज कापत होता, पण खाली आला नाही. "आधी घराचं बोला, साहेब. यांचं मी मंग पाहीन."

धर्मपालची बदली बाळापूरला झाली. त्याच्या जागी आलेले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, नातवंडांचे आजोबा. कोणाकडे पाणीसुद्धा न पिणारे. त्यांनी घर पाहिलं, खडक पाहिला, आणि कोणाच्याही प्रेमात न पडता रस्ता नेमका तिकडेच सरकवला. साहेबांची सही झाली.

एका दुपारी बाळापूरच्या कचेरीबाहेर धर्मपाल नकाशा गुंडाळत होता. समोर एसटीच्या मोटारीतून पुंजाजी उतरला, मागून शालू.

"मी पान खाऊन येतो," पुंजाजी आभाळाकडे पाहत म्हणाला. तो पान खात नसे.

दोघं उभीच राहिली.

"घर वाचलं," ती म्हणाली.

"कळलं मला... आणि नसतं वाचलं, तर?"

शालूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"तरीबी आली असती," ती म्हणाली. "पन भांडत आली असती."